सातव्या दारामागची गुणगुण

चिमणीनं शाळेत काय कबूल करून टाकलं आहे, हे आजोबांना कळलं तेव्हा त्यांच्या हातात दाढीचा ब्रश होता आणि अर्ध्या तोंडाला फेस होता. रात्रपाळीच्या जुन्या सवयीनं ते अजूनही दाढी संध्याकाळीच करत.

"उद्या शाळेत गाणी-गोष्टींचा दिवस आहे," चिमणी न्हाणीघराच्या दारात उभी राहून म्हणाली. "आम्ही सगळे वेश करून जाणार. आणि तुम्ही सातवं दार उघडणार."

"कोणतं दार?"

"आपल्या गोष्टीतलं हो! वर्गातला दातपडक्या म्हणतो, तुझ्या गोष्टीला शेवटच नाही, तू थापा मारतेस. मी म्हटलं, माझे आजोबा उद्या स्वतः येऊन दार उघडतील. तो म्हणाला, नाही उघडलं तर तुला कायमचं थापाडी म्हणणार. सगळा वर्ग म्हणणार."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, म्हणा." आणि चिमणी उड्या मारत निघून गेली.

आजोबांनी आरशात पाहिलं. फेसाच्या वर दिसणारे दोन डोळे त्यांना चोराचे वाटले. कारण सातव्या दारामागं काय आहे, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

गोष्ट तशी साधी होती. एका राजाची मुलगी असते. एके सकाळी तिला कुणाची तरी गुणगुण ऐकू येते. ती इतकी गोड असते, की हातातला दुधाचा पेला तसाच ठेवून मुलगी त्या आवाजामागं चालू लागते. चालता चालता एका महालाशी पोचते. महालाला एकाच्या आत एक अशी सात दारं. प्रत्येक दाराशी एक राखणदार, आणि एकालाही कसली घाई नाही. गुणगुण येते ती सातव्या दारामागून. कोण गुणगुणतंय, एवढंच पाहायचं असतं.

आजोबांची हयात गावाला पाणी चढवणाऱ्या पंपावर गेली होती. मोटारीशेजारी बसून बसून त्यांचा आवाज मोटारीसारखा झाला होता: एकाच पट्टीतला, न चढणारा, न उतरणारा. त्या आवाजात ते दाराशी थांबून "हूंऽऽऽ" अशी गुणगुण करून दाखवत. चौथं दार उघडायच्या आत ऐकणारा गाढ झोपलेला असे. आधी मुलगा झोपला, मग नात झोपली. ज्या औषधाच्या अर्ध्या चमच्यानं गुण येतो, त्याच्या बाटलीचा तळ कोण बघतं?

आजोबा फेस पुसून बाहेर आले. मुलगा कपड्यांना इस्त्री करत होता.

"काय रे, लहानपणी तू एवढा गोष्ट ऐकायचास. सातव्या दारामागं काय होतं, आठवतं का?"

"मला विचारता, बाबा?" मुलगा म्हणाला. "मी तिसरं दारसुद्धा धड पाहिलेलं नाही. चौथं आहे हेच मला चिमणी झाल्यावर कळलं."

"सूनबाई, तू तरी?"

"मी आत ओट्यापाशी असते ना," सूनबाई लाजून म्हणाली. "पण तुमचा आवाज तिथवर येतो. परवा उभ्या उभ्या डोळा लागला आणि दूध उतू गेलं. तुम्हाला सांगितलं नाही इतकंच."

आजोबांनी शेवटची आशा म्हणून आजीकडं पाहिलं.

"माझ्याकडं बघू नका," आजी म्हणाली. "राजाला मुलगी होती, इथपर्यंतच मी आहे."

"मग आता गं?"

"आता काय! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बसा शोधत."

आजोबा खरंच शोधत बसले. दारामागं त्यांनी एक मधमाशी ठेवून पाहिली. पण सात दारं उघडायची आणि आत मधमाशी, ही पोरांची शुद्ध फसवणूक झाली. राक्षस ठेवला, तर तो गोड गुणगुणेना. राणी ठेवली, तर ती आत एकटी काय करत होती, हे सांगावं लागणार. जे ठेवावं ते दाराच्या मानानं लहान पडायचं. शेवटी जेवताना त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"मी उगाच घाबरतोय," ते आजीला हळूच म्हणाले. "चौथ्या दारापर्यंत सगळी पोरं झोपणार. दातपडक्याही झोपणार. झोपलेला माणूस कुणाला थापाडी म्हणत नाही."

"आणि चिमणी?"

"ती तर सगळ्यांच्या आधी."

आजीनं भाताचा चमचा जरा जोरात ठेवला. तो आवाज आजोबांना कळला, पण त्यांनी न कळल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी शाळेचं दालन ओळखू येत नव्हतं. धाकट्या बाईंनी खिडक्यांना निळे पडदे लावले होते आणि छताला अंधारात चमकणारे कागदी तारे. जमिनीवर गाद्या-उशा अंथरल्या होत्या. वर पंखा सावकाश फिरत होता आणि त्याच्या वाऱ्यानं तारे डुलत होते. बाहेर टळटळीत ऊन, आत मात्र चांदणं पडल्यासारखं. धाकट्या बाई स्वतः परी झाल्या होत्या. जुन्या जाळीच्या पडद्याचे पंख त्यांच्या पाठीवर थरथरत होते. पोरांत कुणी ढग होतं, कुणी ससा, कुणी नुसतंच डोक्यावर चादर घेऊन रात्र. चिमणी बेडूक होती. तिनं हिरवा रेनकोट घातला होता आणि हलली की तो चरचर वाजत होता. पुढचे दोन दात नसलेला दातपडक्या राजा होता. पुठ्ठ्याचा मुकुट त्याला मोठा होत होता.

पोरं हातात हात घालून गोल फिरत गात होती:

"बेडूकदादा, बेडूकदादा, छत्री कुठं हरवली?
पावसाच्याच खिशामध्ये विसरून मी ठेवली!"

गाणं संपलं की लगेच पुन्हा पहिल्यापासून. संपवायचं कुणाच्या मनातच नव्हतं. ते गोल गोल फिरणं बघून आजोबांना जरा धीर आला.

मोठ्या बाई मात्र वेशात नव्हत्या. त्यांना वेशाची गरज नव्हती. त्या आल्या की दालन आपोआप शांत होई.

"हे बघा आजोबा," त्या म्हणाल्या, "आज संस्थेचे अध्यक्ष येणार आहेत. त्यांना हल्ली झोप लागत नाही, त्यामुळे ते फार लवकर चिडतात. कार्यक्रम लांबलेला त्यांना चालणार नाही. गोष्ट थोडक्यात आटपा."

"बाई, आमच्याकडं ती नेहमी थोडक्यातच आटपते," आजोबा म्हणाले.

अध्यक्ष आले. डोळे लाल, कपाळाला आठ्या. पुढच्या खुर्चीत बसून त्यांनी घड्याळ पाहिलं. आजोबांनी घसा खाकरला. समोर पोरं मांडी घालून बसली होती आणि सगळ्यांत पुढं, शेजारी शेजारी, चिमणी आणि दातपडक्या. दोघं एकमेकांकडं न बघता एकमेकांवर नजर ठेवून होते.

"एक होता राजा," आजोबांनी सुरुवात केली. "त्याला एक मुलगी होती…"

घरात गोष्ट एका पोरासाठी असायची. इथं दालन मोठं होतं, आवाज भिंतीला लागून परत येत होता, आणि वरचा पंखा त्याच सुरात घुमत होता. पहिल्या दाराशी गोगलगाय होती. तिनं राजाच्या मुलीला विचारलं, "कोण आहे?" हे एवढं विचारायला तिला सकाळची दुपार झाली. ससा झालेलं पोर तिथंच आडवं झालं. दुसरं दार पिसांचं. त्यावर टकटक केलं तर आवाजच येत नाही, म्हणून राखणदाराचं आपोआप लक्ष जाईपर्यंत थांबायचं. "हूंऽऽऽ," आजोबा गुणगुणले. रात्र ढगाच्या अंगावर कलंडली. तिसरं दार पाण्याचं. ते उघडताना परीबाईंनी भिंतीला पाठ टेकली, एक पंख वाकडा झाला आणि त्यांचे डोळे मिटले.

दालनात एवढी शांतता कशी, म्हणून मोठ्या बाई बघायला आल्या. ओठांवर बोट ठेवूनच त्या पोरांच्या इवल्याशा खुर्चीवर बसल्या. चौथं दार कापसाचं होतं आणि तिथं एक म्हातारी पांघरूण विणत होती. बाईंचं बोट ओठांवर तसंच राहिलं, फक्त मान खाली गेली. मुलांना न्यायला आलेले आईबाप दाराशी थबकले. पोरं झोपलेली पाहून चपला हातात घेऊन पावलं न वाजवता आत आले आणि भिंतीशी बसले. बसले ते बसलेच.

आता आजोबांच्या ध्यानात आलं, की आपण चौथ्या दाराच्या पलीकडं आलो आहोत. आयुष्यात पहिल्यांदाच. मागं फिरायची सोय नव्हती, कारण अध्यक्ष अजून जागे होते. त्यांचे लाल डोळे आजोबांवर रोखलेले होते.

"पाचवं दार…" आजोबा चाचपडले, "सावलीचं होतं."

नवीन दार जागच्या जागी बनवायचं म्हणजे वेळ लागतो. त्यामुळे गोष्ट आणखी सावकाश झाली. सावलीचं दार कुठून धरायचं हे राजाच्या मुलीला कळेना. ती उजेडाची वाट बघत बसली. तेवढ्यात घंटेवाले काका शाळा सुटल्याची घंटा द्यायला आले, घंटा वाजवायचा लोखंडी टोल हातात घेऊन खांबाला टेकले आणि खांबावरून हळूहळू खाली घसरत गेले. टोल त्यांनी उराशी धरला होता. अध्यक्षांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उलगडल्या आणि ते बारीक आवाजात घोरू लागले.

आजोबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सगळं दालन झोपलं होतं. राजाच्या महालावर कुणी मंतरलेलं पाणी शिंपडावं तसं. तारे डुलत होते. परीच्या मांडीवर ढग, ढगावर रात्र, रात्रीच्या पायाशी ससा. आजोबा गप्प झाले आणि हळूच उठू लागले.

"मग?"

आजोबा पुन्हा खाली बसले.

चिमणी जागी होती. डुलकी आली की रेनकोट चरचरत होता आणि ती दचकून सरळ होत होती. दातपडक्याही जागा होता. मान कलली की मुकुटाची कड कानाला टोचत होती.

"सहावं दार," आजोबा घाईनं म्हणाले, "उजेडाचं. ते उघडंच होतं."

"आणि सातवं?" दातपडक्यानं विचारलं.

"सातवं फार जड. लाकडी."

"मग ढकला."

"कुलूप होतं ना."

"किल्ली कुणाकडं?"

"किल्ली…" आजोबांनी इकडंतिकडं पाहिलं. "राजाकडं. राजा तर लांब राहिला."

"राजा मीच आहे," दातपडक्या म्हणाला. त्यानं मुकुट सरळ केला, खिशात हात घातला आणि काहीच नसलेली मूठ पुढं केली. "ही घ्या किल्ली."

आजोबांनी किल्ली घेतली. नसलेली किल्ली इतकी जड असू शकते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी चिमणीकडं पाहिलं. चिमणी दातपडक्याकडं बघतही नव्हती. ती आजोबांकडं बघत होती, आणि आजोबांना माहीत नसेल अशी शंकासुद्धा त्या चेहऱ्यावर नव्हती. दातपडक्यानं दम दिला असता तर त्यांनी थाप मारली असती. ह्या चेहऱ्यापुढं थाप बाहेर येईना.

"चिमणे," ते म्हणाले, "खरं सांगू का, मला…" आणि आवाजच फुटला नाही. इतकी दारं उघडून उघडून मोटार बंद पडली होती.

"त्यांचा घसा बसला," चिमणी दातपडक्याला म्हणाली. "थांब, मी सांगते."

"तुला माहितीये?"

"माहितीये म्हणजे काय? मी रोज शेवटपर्यंत ऐकते."

"कधी गं?" आजोबा कुजबुजले.

"रात्री. आधी डोळे उघडे ठेवून ऐकते, मग मिटून ऐकते. मिटल्यावर तर तुम्ही जास्त छान सांगता. दारं दिसतातसुद्धा."

आजोबा तर डोळे मिटलेले दिसले की पांघरूण घालून, दिवा मालवून बाहेर येत होते. मग आत बसून रोज गोष्ट पुरी कोण करत होतं?

"तर एक होता राजा," चिमणीनं सुरू केलं.

"ए, सातव्याचं सांग की!" दातपडक्या म्हणाला.

"एकदम सातवं कसं उघडेल? बाहेरची सहा बंद नाहीत का? त्याला एक मुलगी होती…"

चिमणीनं आजोबांचाच आवाज लावला होता, फक्त बारीक, लांबून ऐकू येणाऱ्या पंपासारखा. आजोबांनी जन्मभर दुसऱ्यांना गोष्ट सांगितली होती. त्यांना कुणी सांगितली नव्हती. त्यांनी ठरवलं, काही झालं तरी जागं राहायचं. गोगलगाईशी ते ताठ बसले होते. पिसांच्या दाराशी त्यांनी उशी जरा जवळ ओढली, नुसती टेकायला म्हणून. पाण्याच्या दाराशी त्यांना गार, बरं वाटलं. म्हातारी पांघरूण विणत होती आणि ते जवळजवळ पुरं झालं होतं. कुठंतरी फार दूरवर चिमणी म्हणत होती, "…आणि दार उघडलं, तर आत…" पण तोपर्यंत म्हातारीनं पांघरूण आजोबांच्या अंगावर टाकलं होतं.

जाग आली ती टोल जमिनीवर पडल्याच्या आवाजानं. घंटेवाल्या काकांचा हात सैल पडला होता. दालन धडपडून उठलं. मोठ्या बाई ताडकन उभ्या राहिल्या आणि इवलीशी खुर्ची त्यांच्याबरोबर उठली. ती सोडवतासोडवता त्या अध्यक्षांपुढं गेल्या.

"साहेब, माफ करा, असं कधी होत नाही, आमच्याकडं शिस्त म्हणजे…"

"बाई, हळू बोला," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा मऊ झाला होता. "किती दिवसांनी डोळा लागला होता. आजोबा, सभेला याल का आमच्या?"

"सभेला गोष्ट?"

"भाषणं ऐकून लोक झोपतातच हो. पण उठतात ते चिडून." मग अध्यक्ष खाली वाकून कानाशी म्हणाले, "ते सातव्या दारामागं काय निघालं मग?"

"गोष्ट नीट ऐकली असतीत तर कळलं असतं," आजोबा म्हणाले आणि घाईनं चपला शोधू लागले.

तिकडं पोरांनी दातपडक्याला गराडा घातला होता. "होतं का रे काही? का थापा?"

दातपडक्यानं मुकुट काढून हातात धरला होता. त्याचे डोळे मोठे झाले होते.

"होतं," तो म्हणाला. "खरंच होतं. चिमणी थापाडी नाहीये."

"पण काय होतं?"

"तिला विचारा. गोष्ट तिची आहे."

आजोबांनी हे ऐकलं. त्यांचा ऊर भरून आला आणि त्याच वेळी जिवाला चुटपुटही लागली. घरी जाताना वाटेत विचारू म्हटलं, तर चिमणी त्यांच्या खांद्यावर झोपून गेली. रेनकोट काढून टाकल्यावर तिला जागं ठेवायला काही उरलं नव्हतं.

घरी पाय ठेवताच आजीनं विचारलं, "काय निघालं दारामागं?"

"जे असायचं तेच," आजोबा भारदस्तपणे म्हणाले.

"म्हणजे झोपलात."

त्या संध्याकाळी त्यांनी चिमणीला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिनं गोष्ट पहिल्या दारापासून लावली. पहिल्यांदा ते चौथ्यापर्यंत टिकले. दुसऱ्यांदा चहा पिऊन, उभ्यानं ऐकलं, तर सूनबाईनं वेळेवर धरलं म्हणून बरं. "नुसतं आत कोण आहे एवढं सांग की गं," ते काकुळतीला आले. चिमणीला ते पटेना. "आजोबा, बाहेरूनच कसं दिसेल?"

सकाळी उठल्यावर त्यांना दातपडक्या आठवला. दात नसल्यामुळे त्याचे शब्द भराभर निसटायचे. तो सांगेल तर कुणाला पेंग यायला वेळच मिळणार नाही. आजोबांनी अंघोळ केली, केस पाण्यानं चोपून बसवले, धुतलेला सदरा घातला आणि कुणाला न सांगता शाळेचं फाटक गाठलं. रस्ता मोकळा होता. ऊन अजून कोवळं होतं. फाटक बंद होतं, म्हणून ते गज धरून आत बघत उभे राहिले.

घंटेवाले काका आतून झाडू घेऊन आले.

"काय आजोबा, सकाळी सकाळी?"

"शाळा कधी उघडते?"

"उद्या. आज रविवार."

आजोबा गजांवरचे हात काढेनात. काकांनी त्यांचे चोपून बसवलेले केस पाहिले, धुतलेला सदरा पाहिला, आणि झाडू भिंतीला टेकवला.

"त्या पोरालाच विचारायला आलात ना?" ते हळूच म्हणाले. "मलाही रात्रभर चैन नाही. खांबाशी मी पाचव्या दारापर्यंत होतो, पण मधूनच आलेलो, आधीची सगळी हुकली. बसा असे कट्ट्यावर. उद्यापर्यंत नुसतं थांबण्यापेक्षा पहिल्या चार दारांचं तरी सांगा."

आजोबा कट्ट्यावर टेकले. त्यांनी सवयीनं घसा खाकरला, "एक होता" इतकं म्हटलं, आणि त्यांना काकांच्या कमरेला लटकणारी फाटकाची किल्ली दिसली. ते थांबले.

"नको," ते म्हणाले. "आपण दोघंही झोपलो, तर उद्या पोरांना फाटक कोण उघडणार?"